सिलिॲक निघालाय? आधी पीठ बघा, मग पदार्थ

घरात कुणाला सिलिॲक, म्हणजे गहू न चालण्याचा आजार, निघाला की फोनवर प्रत्येक जण एकच विचारतो, अगं मग आता ती खाणार काय? माझ्या मुलीला निघाला तेव्हापासून हे ऐकतेय आणि दर वेळी सांगते की मराठी घरात हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. भात, भाकरी, पोहे, साबुदाणा, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, उसळी, भाज्या, फळं, दूध-दही-ताक, अंडी, मासे, मटण, यातलं काहीही बंद नाही. अवघड आहे ते वेगळंच. हे सगळं मुळात गव्हाशिवायचं असूनही त्यात गव्हाचं पीठ कुठून तरी येऊन पडतं, गिरणीतून येतं, हिंगाच्या डबीतून येतं, लाटण्यावरून, चाळणीतून, तळणीच्या तेलातून येतं, आणि मग लोक म्हणतात आम्ही पोळी-पाव सगळं सोडलं तरी रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा काही खाली येत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, मुंबईत छोट्या किचनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या आणि डबा घेऊन लोकल पकडणाऱ्या लोकांसाठी.

ज्यांचं अजून नक्की झालेलं नाही त्यांनी आधी हे वाचा. टेस्ट होईपर्यंत गहू बंद करू नका, प्लीज. लोक काय करतात, आधी पोळी सोडतात, बरं वाटायला लागतं आणि मग काही महिन्यांनी रक्त द्यायला जातात. तोपर्यंत रक्तातल्या अँटीबॉडीज उतरलेल्या असतात, आतडं भरून यायला लागलेलं असतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग नक्की करायचं तर परत काही आठवडे रोज गहू खावा लागतो, ते फार त्रासाचं होतं. पहिली टेस्ट रक्ताची, टीटीजी आयजीए, म्हणजे त्या अँटीबॉडीज मोजणारी; आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार. सोबत टोटल आयजीए पण करायला सांगतात, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी उगाच नॉर्मल दिसतं. टीटीजी वाढलेलं आलं की बहुतेक वेळा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे तपासायला पाठवतात, म्हणजे बायोप्सी. लहान मुलांमध्ये आकडा खूपच जास्त असेल तर काही वेळा बायोप्सीशिवायही निदान करतात, तो निर्णय डॉक्टरांचा. खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन इथे गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावून न्या. आणि एकाला निघाला की आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं सगळ्यांची रक्ताची टेस्ट करा, कुणाला काही त्रास नसला तरी. जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघू शकतो.

आजार नेमका काय ते थोडक्यात. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ज्यांना सिलिॲक आहे त्यांच्या पोटात ते गेलं की आपलीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावरचे जे बारीक बारीक उंचवटे अन्न शोषून घेतात ते झिजून सपाट होतात, आणि मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं खाल्ली तरी अंगी लागत नाहीत. म्हणून त्रास फक्त जुलाबाचाच असतो असं नाही. उंची वाढत नाही, तोंड सारखं येतं, हाडं दुखतात, पोट फुगतं, आणि लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हटलं की बीट खा, खजूर खा एवढ्यावर विषय संपतो. गोळ्या नीट घेऊनही वाढत नसेल तर डॉक्टरांना सिलिॲकबद्दल स्पष्ट विचारा.

यावर औषध म्हणजे ग्लूटेन पूर्ण बंद, आयुष्यभर. थोडं थोडं देऊन सवय होईल हे या आजारात होत नाही. एका मध्यम पोळीत साधारण २ ते ३ ग्रॅम ग्लूटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा पन्नासावा भाग जरी काही महिने पोटात जात राहिला तरी आतड्याला इजा होऊ शकते. हा आकडा घरातल्या सगळ्यांना सांगा. नुसतं 'जपायला हवं' म्हटलं की लोक विसरतात, पोळीचा एवढासा तुकडा दाखवून सांगितलं की लक्षात राहतं. आणि घरातलं कुणी म्हणालं की हे सगळं आत्ताचं फॅड आहे, आमच्या वेळी नव्हतं, तर त्यांना नेदरलँड्सच्या डॉ. विलेम डिके यांचं सांगा. ते मुलांचे डॉक्टर होते. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता, त्यात दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी होती, पण ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली आणि पाव परत आल्यावर परत आजारी पडली. माझ्या सासूबाईंना रिपोर्टपेक्षा ही गोष्ट जास्त पटली.

कुठल्या नावाने गहू येतो

कणीक, मैदा, रवा, सुजी, लापशी, शेवया, पाव, टोस्ट, खारी, बटर, नानकटाई हे कळतंच. कुरडया विसरतात, त्या गव्हाच्या चिकाच्या असतात. माहीमचा हलवा पण गव्हाचाच.

खपलीबद्दल जरा जोरात सांगते. खपली गहू हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, सिलिॲकला अजिबात चालत नाही. जुनं वाण आहे, पचायला हलकं आहे, शुगरवाल्यांना चालतं असं सांगून दुकानदार आणि हितचिंतक दोघंही तो आपल्या गळ्यात मारतात. घेऊ नका. सावरडो ब्रेडचंही तेच, आंबवल्याने ग्लूटेन सगळं जात नाही.

सातू म्हणजे जव, तो बंद. सातूचं पीठ म्हणून आपल्याकडे जे करतात त्यात गहू घातलेला असतो, तेही बंद. उत्तरेकडचं सत्तू चण्याचं असतं, पण ते दळलं कुठे हा प्रश्न राहतोच. राय हे धान्य वेगळं, आपली मोहरी म्हणजे राई वेगळी, मोहरीला काही अडचण नाही. दलिया हा शब्दही नीट विचारून घ्या, मुंबईत कुणी गव्हाच्या भरड्याला दलिया म्हणतं आणि कुणी चटणीच्या डाळ्यांना, वाण्याकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका. ओट्समध्ये मुळात गहू नसतो, पण शेतापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे त्यात गहू मिसळतो, म्हणून साधे ओट्स नकोच. ग्लूटेन फ्री लिहिलेले सुद्धा पहिलं वर्षभर टाळून मग डॉक्टरांना विचारून सुरू करा, काही थोड्या जणांना तेही सोसत नाहीत.

आता लपलेला गहू. यात पहिला नंबर हिंगाचा. डबीतला हिंग म्हणजे हिंग, डिंक आणि पीठ यांचं मिश्रण असतं आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. आपल्या प्रत्येक आमटीत, भाजीत, लोणच्यात, पापडात, गोड्या मसाल्यात हिंग आहे, म्हणजे बघा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीच्या मागे घटक वाचून घ्या. खडा हिंग आहे म्हणजे शुद्ध असेल असंही धरून चालू नका, बांधणीच्या हिंगाच्या खड्यातही पीठ असतं. खात्रीचा मिळेपर्यंत हिंगाशिवाय फोडणी द्या, जिरं आणि लसूण जरा जास्त घाला, आमटी छान होते.

दुसरं मेतकूट. पारंपरिक मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर गहू असतो. आजारी मुलाला मऊ भात, तूप आणि मेतकूट द्यायची आपली सवय, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. थालिपिठाच्या विकतच्या भाजणीत बऱ्याचदा गहू असतो. कोंबडी-वड्यांच्या पिठात कुणी घालतं कुणी नाही, विचारायचं. बेसनाचे लाडू करताना बऱ्याच घरी थोडा रवा टाकतात. सोया सॉसमध्ये गहू. होर्लिक्स, बोर्नव्हिटामध्ये माल्ट म्हणजे सातू-गहू, बिअर सातूचीच, कॉर्नफ्लेक्सना माल्टचा अर्क लावलेला असू शकतो. नाचणीची बिस्किटं म्हणून मिळतात त्यात पहिला घटक मैदा निघतो, मल्टिग्रेन म्हणजे तर बहुतेक गहूच. पुडा उलटा करून वाचायची सवय लावा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, आणि गहू घातलेला असेल तर पाकिटावर ॲलर्जीच्या सूचनेत ते सांगावं लागतं. पण 'मे कंटेन व्हीट' असं नसलं म्हणजे त्या कारखान्यात गहू नाहीच असं नाही, म्हणून पीठं आणि बेसन यांच्या बाबतीत मी ग्लूटेन फ्री लिहिलेलंच घेते किंवा घरी दळते.

गिरणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी कुठल्याही गिरणीत जाऊन पाच मिनिटं उभं राहा. गव्हाचा डबा ओतला जातो, पीठ खाली पडतं, काका बाजूला हाताने थापटून उरलेलं पाडतात, मग लगेच पुढचा डबा ज्वारीचा. पिठाच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी आधीच्या पिठाने जड झालेली असते, दगडांच्या मधे गहू बसलेला असतो, आणि ज्वारीचं म्हणून जी पहिली ओंजळ खाली येते ती अर्धी आधीच्या माणसाच्या गव्हाची असते. वर हवेत जे उडतंय ते सगळ्यांच्या उघड्या डब्यांवर बसतं. पंखा, भिंती, काकांच्या भुवया, सगळं पांढरं. त्यात काकांची काही चूक नाही, गिरणी अशीच चालते. सकाळी पहिला नंबर लावला तरी रात्रीचा गहू आत असतोच, आणि आधी थोडे तांदूळ दळून काढले तरी पूर्ण साफ होत नाही. काही ठिकाणी तांदळाची आणि उपासाच्या पिठांची चक्की वेगळी असते, पण हवेतलं पीठ तिथेही असतंच.

मग काय करायचं? जमत असेल तर घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच, कधीच दळू नका, पाहुणे आले तरी नाही. स्वस्त नाही आणि आवाजही करते, पण ओट्याखाली मावते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतलेलीही चालेल, अट तीच. नाही जमत तर तांदूळ घरी करता येतो, धुवायचा, पंच्यावर सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा, चाळणी नवी हवी. आणि दळायच्या आधी प्रत्येक धान्य ताटात घेऊन निवडा. ज्वारीत, डाळीत, अगदी साबुत मसुरातही गव्हाचे दाणे सापडतात, एकच पोतं आधी गव्हाला मग डाळीला वापरलेलं असतं. निवडून दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळवलं की मग दळायचं. हे वेळखाऊ आहे, मी रविवारी दुपारी बसते, घरातले सगळे बसतात.

ओटा, तवा, मावशी

घरात बाकीचे पोळी खात असतील तर भांडी वेगळी करा, पण सगळीच नाही. स्टीलची परात, काच, ताटं-वाट्या नीट घासल्या की चालतात. पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, चाळण्या, पोळीचा लोखंडी तवा, चरे पडलेले नॉनस्टिक, टोस्टर आणि भांडी घासायची घासणी हे मात्र वेगळं हवंच. आमच्याकडे वेगळ्या तव्याच्या कडीला लाल सुतळी बांधलीय, कुणालाही विचारायला लागत नाही. ग्लूटेन फ्री पिठांचे डबे वरच्या फळीवर ठेवा, खाली नको, कारण पीठ वरून खाली पडतं. लोणी, जॅम, लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात किंवा पावाचा चमचा गेला की ती बरणी मुलीसाठी संपली, म्हणून तिची बरणी वेगळी.

पोळ्यांना मावशी येत असतील तर त्यांना नीट बसवून समजावा, घाईत नाही. आधी भाकऱ्या करायच्या, त्या झाकून आत ठेवायच्या, मग कणकेचा डबा उघडायचा. कणीक भिजवताना जे उडतं ते बराच वेळ हवेत असतं. हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरने ग्लूटेन जात नाही. आमच्या मावशींना एकदा कळलं, त्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा कडक आहेत. सगळ्यांना परवडत असेल आणि पटत असेल तर घरात गहूच आणू नका, छोट्या किचनमध्ये खरं तर तेच सोपं पडतं.

भाकरी आणि डबा

गव्हाच्या पिठाला जो ताण येतो तो ग्लूटेनमुळेच, तो नाही म्हटल्यावर बाकीच्या पिठांना गरम पाण्याने धरून ठेवावं लागतं. तांदळाच्या भाकरीला कोकणात उकड काढतात ती उगाच नाही. वाटीभर पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ आणि थेंबभर तेल, त्यात वाटीभर पिठी एकदम टाकून उलथन्याच्या टोकाने ढवळा, गॅस बंद करून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी हाताला सोसेल इतपत गरम असताना पाण्याचा हात लावून खूप मळा, गोळ्याला भेग दिसता कामा नये. मग पिठीवर थापा किंवा लाटा, तापलेल्या तव्यावर टाकून वरून पाणी फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा, आणि शेवटी सरळ आचेवर फुगवा. ज्वारीला पीठ ताजं हवं, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतानाच तुटते, म्हणून आठवडाभराचंच दळा.

ऑफिसच्या एसीत दुपारी एकपर्यंत ज्वारीची भाकरी कडक होते, त्यामुळे डब्याला उकडीची तांदळाची भाकरी सुती कापडात गुंडाळून किंवा घावणे, आंबोळ्या, धिरडी असं द्या. मुलीला शाळेत इडली, कांदेपोहे, वरीचा उपमा, दडपे पोहे, बटाट्याचा किस हे फिरवून फिरवून जातं. थालीपीठ हवंच असेल तर भाजणी घरी करा, दोन वाट्या ज्वारी, एक बाजरी, एक तांदूळ, एक हरभरा डाळ, अर्धी उडीद डाळ, पाव वाटी धणे आणि थोडं जिरं, सगळं वेगवेगळं खमंग भाजून घरघंटीत दळायचं. गहू नाही म्हणून चवीत काही कमी पडत नाही. विकतच्या ग्लूटेन फ्री बिस्किटं-ब्रेडच्या मागे फार लागू नका, महाग असतात, साखर आणि फॅट जास्त, फायबर कमी. नुसता भात आणि साबुदाणाही रोज नको, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा पोटात गेले पाहिजेत नाही तर बद्धकोष्ठ होतं.

बाहेर खाताना

हॉटेलात 'ग्लूटेन' म्हणून विचारलं की वेटर हो म्हणतो आणि काहीही आणतो. सरळ सांगा, गहू, मैदा, रवा काहीच चालत नाही, थोडं जरी गेलं तरी आजारी पडते, आणि मग पदार्थागणिक विचारा. माटुंग्याला उडप्याकडे इडली सगळ्यात बरी, वाफवलेली असते, फक्त त्यात रवा मिसळत नाहीत ना ते विचारा. डोसा ज्या तव्यावर होतो त्यावरच रवा डोसाही होतो. सांबारात हिंग असतो, म्हणून खोबऱ्याची चटणी बरी, तिच्या फोडणीचं मात्र विचारून घ्या. मालवणी हॉटेलात भात, माशाचं कालवण, सोलकढी यावर मस्त जेवण होतं. तळलेला मासा रव्यात घोळवतात, तो तांदळाच्या पिठात करून देता का आणि दुसऱ्या तव्यावर करता का हे आचाऱ्यापर्यंत पोचवायला सांगा, गर्दी नसेल तर बरेच जण प्रेमाने करून देतात.

वडापावमधला पाव सोडून नुसता वडा खाल्ला तर चालेल का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. बेसनाचं आवरण आहे हे खरं, पण त्याच कढईत समोसा आणि ब्रेड पकोडा तळतात आणि बेसन कुठलं ते माहीत नसतं. नाही चालत. बटाटेवडा घरी करा. उपासाचा साबुदाणावडाही बाहेर घेताना तेल वेगळं आहे का ते विचारायचं. पाणीपुरी, शेवपुरी, भेळेतल्या पुऱ्या, चायनीजची गाडी, मिसळीचं फरसाण हे सोडून द्यायचं. भाजलेलं कणीस, शहाळं, फळं, कवचातले शेंगदाणे हे रस्त्यावरही मिळतं.

लग्नाला घरून खाऊन जा आणि डबा न्या, लाजू नका. बुफेत भात दिसला तरी पुरीचा चमचा भातात गेलेला असतो. केटररशी आदल्या दिवशी बोललात तर वरण-भात, तूप, दही आधी बाजूला काढून ठेवतात.

सणवार

आपल्या सणांत हिला भरपूर खायला आहे. उकडीचे मोदक, पातोळ्या, नारळीभात, अनारसे, श्रीखंड, अळिवाचे लाडू, पिठं घरची असली की सगळं चालतं. पुरण खुशाल वाटीत घेऊन तुपाबरोबर द्या. दिवाळीत तळणीचा क्रम लावा, नव्या तेलात आधी तिच्या चकल्या, शेव, चिवड्याचे पोहे, आणि करंज्या-शंकरपाळ्या सगळ्यात शेवटी, ते उरलेलं तेल परत तिच्यासाठी वापरायचं नाही. सत्यनारायणाला आमच्याकडे आता तांदळाच्या रव्याचा प्रसाद होतो, गुरुजींनी काहीही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांच्या घरी प्रसाद पुढे आला तर ती कपाळाला लावून परत देते आणि तीर्थ, केळं घेते, कुणाचं मन दुखत नाही.

आजी-आजोबांना बाहेर ठेवू नका. आजीच्या हातची पोळी नातीने खायची नाही हे त्यांना फार लागतं. त्यांना तिच्या भाकऱ्यांचं, भाजणीचं काम पूर्णपणे सोपवा, त्या जे मन लावून करतात ते आपल्याने होत नाही. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि वाढदिवसाच्या दिवसासाठी तिच्या पसंतीचं चॉकलेट बाईंकडे देऊन ठेवा, म्हणजे केक वाटताना ती रिकामी बसत नाही. लहान मुलं ज्या रंगीत मातीने खेळतात ती काही वेळा गव्हाच्या पिठाची असते, खेळून झालं की हात धुवा. क्रीम-शाम्पूची मात्र काळजी नको, तोंडात जाणारं तेवढं बघा, लिपस्टिक आणि औषधाच्या गोळ्या केमिस्टला विचारून.

सुरुवातीला काही महिने दूध सोसत नाही असं होऊ शकतं, आतडं भरून आलं की बहुतेकांना परत चालतं, तोवर दही-ताक देऊन बघा. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि नंतर दर वर्षी बघतात. आकडा हळूहळू उतरतो, पूर्ण नॉर्मल यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, घाबरू नका, उतरतोय ना ते बघा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं आणि थायरॉइड, कारण थायरॉइडचा आजार यांच्यात जास्त दिसतो. मुलांची उंची-वजन दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा.

चुकून पोटात गेलंच तर त्यावर उतारा नाही. एन्झाइमच्या गोळ्या विकतात, त्या भरवशावर गहू खाऊ नका. पाणी, ओआरएस, मऊ भात, विश्रांती. उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर. आणि ओरडू नका, मुलं मग लपवायला लागतात.

शेवटचं, पिशवी. मुंबईत पावसात लोकल कधी अडकेल सांगता येत नाही आणि स्टेशनच्या स्टॉलवर तिच्यासाठी केळ्याशिवाय फारसं काही नसतं. तिच्या दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये एक छोटी पिशवी कायम असते, शेंगदाण्याची चिक्की, घरी भाजलेले मखाणे, खजूर, ओआरएसचं पाकीट आणि 'मला सिलिॲक आहे, गहू-मैदा-रवा चालत नाही' असं मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहिलेलं कार्ड, मागे आमचे फोन नंबर. पावसाळ्यात चिक्की मऊ पडते, म्हणून पंधरा दिवसांनी पिशवी उलटी करून नवी भरायची.